दोन घरांचे दोन महिने

देवकाबाईला चौऱ्याहत्तरावं वर्ष लागलं होतं आणि ती अजून सूनच होती. तिच्या बरोबरीच्या बायका केव्हाच घरापुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसून हुकूम सोडायला लागल्या होत्या, काहीजणी तर फोटोत जाऊन बसल्या होत्या. देवकाबाई मात्र रोज सकाळी डोक्यावर पदर घेऊन, हातात ताटली धरून सासूच्या खोलीकडे निघायची. तिची स्वतःची सून वरठीला, मुलाच्या नोकरीच्या गावी. त्यामुळे सासूपण गाजवायला समोर कुणी नव्हतं आणि सूनपण मात्र छप्पन्न वर्षं झाली तरी फिटत नव्हतं.

शकुनबाई एकशे चार वर्षांची होती. तोंडात दात नव्हता, उजवा कान गेला होता, पण डाव्या कानाने तिला नको ते सगळं ऐकू येई. ताटलीत काय आहे हे ती देवकाबाई उंबऱ्याशी पोचायच्या आधीच वासावरून सांगे. तिची खोली अंगणाच्या मधोमध होती. एका बाजूला थोरल्या सोमाजीचं घर, दुसऱ्या बाजूला धाकट्या खुशालचं. सोमाजीने जन्मभर खैरबोडीतच धान पिकवलं. खुशाल जवाहरनगरच्या कारखान्यातून सात वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि गावात स्लॅबचं घर बांधून आईजवळ राहायला आला.

दोन घरं एका अंगणात होती, पण दोन्ही घरच्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. खुशालच्या मुलीच्या, हर्षाच्या लग्नात पहिली हळद लावायचा मान मोठीमाय, म्हणजे थोरली काकू, म्हणून देवकाबाईचा होता. ती हातात वाटी घेऊन उभी होती आणि खुशालच्या बायकोने, रुखमिणीने, घाईघाईत कारखान्याच्या क्वार्टरमधल्या शेजारणीला पुढे केलं. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून देवकाबाई जावेशी एक शब्द बोलली नव्हती, आणि रुखमिणीनेही मग बोलायचं सोडून दिलं. निरोप असला की तो नवऱ्यांच्या तोंडून जाई, आणि नवरे तो निम्मा विसरत.

सासूची सेवा इतकी वर्षं देवकाबाईच करायची. मागच्या मतदानाला साहेबलोक पेटी घेऊन घरी आले, शंभरीपारच्या मतदार म्हणून शकुनबाईला शाल पांघरली, आणि पेपरात फोटो आला तो शकुनबाई आणि सोमाजीचा. खुशालला ते लागलं. माझ्याही हातून आईची सेवा होऊ द्या, असं म्हणत तो थोरल्या भावापुढे रडला. मग यंदाच्या गुढीपाडव्याला दोघा भावांनी ठरवलं की एक महिना थोरल्या घरचं जेवणखाण आणि औषध, एक महिना धाकट्या घरचं. हे इतकं सोपं होतं की त्यावर कुणी दुसरा प्रश्नच विचारला नाही.

आणि आता नोव्हेंबर संपत आला असताना, गुरुवारी सकाळी शकुनबाई आपल्या दारात पडली. देवकाबाई नाश्ता देऊन विहिरीवर गेली होती. परत आली तर म्हातारी उंबऱ्यावर आडवी, डोळे अर्धे उघडे. खुशालने गाडी काढली आणि तिला भंडाऱ्याला नेलं. नाडीचे ठोके मिनिटाला अडतीस निघाले. गोळ्या कोणत्या, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खुशालने सांगितलं, रक्तदाबाची एक लहानशी, रोज सकाळी. एवढ्याशा गोळीने ठोके इतके उतरायचे नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे हृदयाचंच काहीतरी आहे. गोळी तेवढी बंद ठेवा, आणि बुधवारी नागपूरला नेऊन छातीत मशीन बसवून घ्या. तीन रात्री ठेवून घेऊन त्यांनी रविवारी तिला घरी सोडलं.

त्या रविवारी दुपारी अंगणात बैठक बसली.

शकुनबाईची खाट उन्हात ओढली होती. धान कापून झालं होतं, अंगणाच्या कडेला नव्या तणसाचा ढीग पडला होता आणि म्हातारी त्याच्याकडे तोंड करून डोळे मिटून पडली होती. सोमाजी आणि खुशाल खुर्च्यांवर बसले. बायका आपापल्या दाराशी उभ्या राहिल्या, मध्ये सगळं अंगण सोडून. देवकाबाईने खांबाला हात टेकला होता. तिला हल्ली मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येई. ऊन लागलं असेल, असं म्हणून ती ते सोडून द्यायची.

हर्षा भंडाऱ्याहून आली होती. तिचं काम गावात कुणाला धड सांगता येत नसे. दवाखान्यात ज्या माणसाला कुणी नाही, किंवा ज्याच्याबरोबर सगळे आहेत पण त्याला कुणी विचारत नाही, त्याच्या बाजूने ती उभी राहायची. कागद वाचायची, डॉक्टरांना विचारायची आणि डॉक्टर काय म्हणाले ते पेशंटला त्याच्या बोलीत सांगायची. याला रुग्णमित्र म्हणतात, असं तिने शंभरदा सांगितलं, तरी खैरबोडीत तिचं नाव दवाखान्याची वकीलीण असंच पडलं. आजीसाठी तिने एक वेगळी वही केली होती. देवकाबाईला त्या वहीचा थोडा रागच होता. दर रविवारी ही पोरगी यायची, तिच्या आईच्या घरात चहा प्यायची, आणि मग थोरल्या घराच्या दाराशी येऊन पेन काढायची. हिच्या हळदीवरून सगळं झालं, आणि हीच आता मला विचारणार, गोळी वेळेवर देता का.

बैठकीत आधी भाऊ बोलले. खुशालचं म्हणणं, बुधवारीच नागपूरला न्यायचं, वेळ घालवायचा नाही. कारखान्यातल्या तिघा मित्रांना मशीन बसली, तिघेही सायकल चालवतात. सोमाजीला ते पटेना. एकशे चार वर्षांच्या अंगावर सुरी कशाला, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याने एक शोधही लावला होता. आईला यंदा चारदा चक्कर आली, आणि चारही वेळा ती अमावस्येनंतरच्या आठवड्यातच आली होती. हे दवाखान्याचं काम नाही, दुसरंच काही आहे, असं म्हणत तो मान हलवू लागला.

मग गंमत झाली. देवकाबाईने कधी नव्हे ते दिराची बाजू घेतली. दारातली ती अर्धी उघडी नजर तिने पाहिली होती. तिला पुन्हा ती पाहायची नव्हती. नागपूर तर नागपूर, न्या, असं ती नवऱ्याला तोंडावर म्हणाली. आणि तिकडून रुखमिणी स्वतःच्या नवऱ्यावर उलटली. भाऊजी बरोबर म्हणतात, म्हाताऱ्या माणसाची कापाकापी नको. दोन्ही घरं अशी तिरपी फुटली, आणि दोघा भावांना कळेना की आता भांडायचं कुणाशी.

या सगळ्यात ज्या छातीत मशीन बसायची होती ती छाती शांतपणे वरखाली होत होती. हर्षाने स्टूल उचललं आणि ते खाटेच्या डाव्या अंगाला, चांगल्या कानाजवळ ठेवलं. ठोके म्हणजे काय, मशीन म्हणजे काय, किती दिवस राहावं लागेल, नाही बसवली तर काय होऊ शकतं, हे सगळं तिने आजीला घाई न करता सांगितलं. मग विचारलं, "आजी, आता तू सांग. तुले काय वाटते?"

शकुनबाईने डोळे उघडले. "शुक्रवारी मंडई हाय," ती म्हणाली. "गोदा येते. मी बुधवारी नागपूरले कायले जाऊ?"

गोदावरीबाई म्हणजे शकुनबाईची धाकटी बहीण, वय सत्त्याण्णव, तुमसरच्या पलीकडे दिलेली. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचा लोकनाच होतो, पाहुणे येतात, आणि त्या एका दिवशी गोदावरीबाईची नातवंडं तिला गाडीत घालून खैरबोडीला आणतात. वर्षातून दोघी बहिणी तेवढ्याच भेटतात. या गावात आल्यापासून शकुनबाईची एकही मंडई चुकली नव्हती. पुढच्या मंडईला दोघी असतीलच असं त्या अंगणात कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं, आणि हे म्हातारीला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

हर्षाने वही उघडली. चक्कर आल्याच्या चारही तारखा तिने मोठ्याने वाचल्या: तीस मे, एकोणतीस जुलै, अठ्ठावीस सप्टेंबर, सत्तावीस नोव्हेंबर. मोठे बाबा अमावस्या म्हणतात, पण मला त्यात दुसरंच काही दिसतं, ती म्हणाली. चारही वेळा महिना संपत आलेला आहे, आणि चारही वेळा या घरची पाळी संपून त्या घरची लागायची वेळ आहे. मग मान वर न करता तिने विचारलं, "गुरुवारी सकाळी आजीले गोळी कोणं देल्ली?"

"मी," रुखमिणी लगेच म्हणाली. "सहाच्या चहासंगं. एक दिवस खाडा केला नाही मी."

देवकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं धडधडीत खोटं, तेही स्वतःच्या मुलीपुढे. अमावस्या होऊन मार्गशीर्ष लागला तेव्हाच आपली पाळी सुरू झाली, सात दिवस रोज नऊ वाजता तांदळाचं आयतं, म्हणजे धिरडं, भरवून आपण आपल्या हाताने गोळी दिली, आणि सेवेचं नाव घेणार ही. अकरा वर्षांची गाठ तोंडाशी आली आणि ती जावेकडे न बघता, हर्षाकडे बोट करून बोलली.

"लिव तुह्या वहीत. गोळी मी देल्ली. नऊ वाजता, आयत्यासंगं. तिनं नाही."

आणि बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. समोर रुखमिणीचा हात तोंडावर गेला होता. हर्षाने वही मिटली. सोमाजीने एकदा बायकोकडे आणि एकदा भावजयीकडे पाहिलं, आणि त्याची अमावस्या त्याच्या तोंडातच राहिली.

पुढचं सगळं कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सोमाजीच्या घरचा महिना अमावस्येला संपायचा. शेतकऱ्याच्या घरी महिना दुसऱ्या कशाने संपतो हे त्याला माहीतच नव्हतं. खुशालच्या घरचा महिना एक तारखेला लागायचा. अडतीस वर्षं पगार ज्या दिवशी झाला तोच त्याच्या महिन्याचा पहिला दिवस. यंदा पाडवा आला तीस मार्चला, दोनच दिवसांनी एक एप्रिल, त्यामुळे सुरुवातीला दोन्ही घरांचे महिने जवळपास जुळले. मग ते सरकत गेले. खुशालची पाळी सरायच्या आधीच सोमाजीची लागू लागली, मेअखेरीला चार दिवस, जुलैत सात, सप्टेंबरात नऊ. तेवढे दिवस म्हातारीला दोन घरांतून दोन गोळ्या. आणि मधल्या एकेका महिन्याअखेरीला उलटं: कुणाचीच पाळी नाही, कुणाचीच गोळी नाही, नुसता दोन्हीकडचा चहा, कारण तो ती ओरडून मागायची. चहा असा कधीही जात असल्याने जाऊ खोलीत शिरताना दिसली तरी दुसरीला शंका आली नाही.

"मी सहा महिने विचारत राहिली, गोळी वेळेवर देता का," हर्षा म्हणाली. "कोण देते, हे नाही विचारलं. माहीच चूक झाली."

पण देवकाबाईला ते धड ऐकू आलं नाही. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. याच हाताने गोळी ठेवली, याच हाताने वर पाणी पाजलं, आणि पोरगी खाडा विचारायची तेव्हा किती ताठ मानेने नाही म्हटलं. गुरुवारी म्हातारी उठलीच नसती तर गावाने हृदय म्हटलं असतं, वय म्हटलं असतं, अमावस्या म्हटलं असतं, आणि खरं कुणालाच कळलं नसतं. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

सोमाजी खाटेजवळ उकिडवा बसला. "माय, दोघीबी तुले गोळी देत होत्या?"

"देत होत्या न."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कोणाले सांगू?" शकुनबाई म्हणाली. "या दोघी अकरा वर्सं एकमेकीले काही सांगत नाहीत, अन् मी बुडी एकटी सांगत फिरू का?" मग तिचा आवाज खाली आला. "अन् एकीले सांगतलं असतं का दुसरी देऊन गेली, तं एकीचं येनं बंद झालं असतं. सहा वाजता ते इडली घेऊन येते, नऊ वाजता हे आयतं घेऊन येते. दोघीबी खाटीवर बसतात घडीभर. मले बरं वाटे, बाप्पा."

दोन चहा, दोन नाश्ते आणि दोन सुना मिळतात म्हणून म्हातारीने दोन गोळ्याही गिळल्या होत्या. खुशाल आधी हसला, मग त्याचे डोळे भरले, मग तो पुन्हा हसला. हर्षाने लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, नागपूरचं थांबवा. गोळी बंदच ठेवा, रोज नाडी मोजून मला सांगा आणि बुधवारी आधी माझ्याकडे आणा. चक्कर आली तर बुधवारची वाट बघू नका.

बुधवारी सगळेच गेले. गाडीत जागा नव्हती, तरी देवकाबाई मागे चेपून बसली, आणि तिच्या शेजारी रुखमिणी. वैनगंगेच्या पुलावर दोघींचे खांदे एकमेकींना लागत होते आणि दोघी दोन खिडक्यांतून दोन बाजूंची नदी बघत होत्या.

डॉक्टर भले होते, पण सवयीने खुशालकडे बघून बोलू लागले. आजींना झोप कशी लागते, आजी जेवतात का. हर्षाने आजीची चाकाची खुर्ची फिरवली आणि ती डॉक्टरांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ नेऊन ठेवली. डावा कान डॉक्टरांकडे झाला. डॉक्टर हसले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं, या वेळी मोठ्याने आणि शकुनबाईलाच. शकुनबाईने झोपेचं, जेवणाचं, पोटाचं सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी नाडी मोजली, कागदाची पट्टी काढली, ती दोनदा पाहिली. ठोके चौसष्ट होते.

मशीनची आज गरज नाही, ते म्हणाले. उद्यापासून अर्धी गोळी, सकाळी एकदाच, एकाच हातून. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा. अजून काही विचारायचं आहे का, असं त्यांनी हर्षाला विचारलं. हर्षाने आजीकडे बोट दाखवलं.

"मंडईले जाऊ का?" शकुनबाईने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, जा, पण सावलीत बसा. आणि मग त्यांनीच विचारलं की दंडार किती वाजता असते.

येताना हर्षाने भंडाऱ्याच्या बाजारातून एक लहानशी पितळी डबी घेतली. दोन्ही घरांतली गोळ्यांची पाकिटं तिने काढून घेतली, अर्ध्या केलेल्या गोळ्या डबीत भरल्या आणि डबी आजीच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. नियम एकच सांगितला. महिने-बिहिने बंद. दोघींनी रोज या, दोघींनी खाऊ घाला. पण डबीला हात लावायच्या आधी दुसरीला विचारायचं. नवऱ्याच्या तोंडून नाही, स्वतःच्या तोंडाने. हे सांगताना ती कुणाकडेच बघत नव्हती, आणि ते देवकाबाईला चांगलं समजलं.

त्या रात्री देवकाबाईला नीट झोप लागली नाही. सकाळी तिने आयत्याचं पीठ कालवलं, तवा ठेवला, आणि पहिलं आयतं करपवलं. छप्पन्न वर्षांत असं झालं नव्हतं. मग ती ताटली घेऊन सासूच्या खोलीत गेली. रुखमिणी आधीच आली होती. सहा केव्हाचे वाजून गेले होते, इडली ताटलीत निवत होती, आणि ती खाटेच्या कडेला मांडीवर हात ठेवून बसून होती. डबी कोनाड्यात तशीच. शकुनबाई डोळे मिटून पडली होती, पण डावा कान वर होता.

देवकाबाईने ताटली खाली ठेवली. शब्द तीनच होते, पण अकरा वर्षांचे होते.

"गोळी देल्ली का?"

"नाही, बाई," रुखमिणी म्हणाली. "तुमचीच वाट पाहून राहिली."

एवढंच. मग देवकाबाईने डबी उघडली, अर्धी गोळी काढली, रुखमिणीने पाण्याचा गिलास धरला, आणि शकुनबाईने तोंड उघडलं. ती गोळी गिळून होताच म्हणाली की इडली गार झाली आणि आयत्याला करपल्याचा वास येतो. त्यावर दोघी सुना एकाच वेळी काहीतरी उलट बोलल्या आणि बोलता बोलता थांबल्या.

शुक्रवारी मंडई भरली. शाळेपुढच्या मैदानात रेवड्या, जिलब्या, बांगड्या, फुगे, लोखंडी तव्यांचे ढीग, आणि मधे दंडारीचा गोल. ढोलकी दुपारीच सुरू झाली. पाहुण्यांनी गाव फुलून गेलं होतं. ज्यांच्या घरी लग्नाची मुलं होती ते जिलबी खाता खाता मुली बघत होते आणि मुली ते ओळखून जास्तच मोठ्याने हसत होत्या. मोहाच्या झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर शकुनबाई, अंगावर मतदानाची शाल. दुसरीवर गोदावरीबाई.

गोदावरीबाईने शकुनबाईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि ती तो नुसता चोळत बसली. देवकाबाई खुर्चीमागे उभी राहून ते बघत होती. बुधवारी हा हात नागपूरला असता, सुया टोचलेला. इथे दुसरी खुर्ची रिकामी राहिली असती, गोदामावशी तिच्याकडे बघत संध्याकाळपर्यंत बसली असती आणि परत गेली असती. तिला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना. तिने उगाच सासूची शाल सारखी केली, पुन्हा सारखी केली.

शकुनबाईने बहिणीला सगळी हकीकत सांगितली, दोन गोळ्यांची, दोन महिन्यांची, डॉक्टरांची. गोदावरीबाई ऐकता ऐकता दात नसलेलं तोंड उघडून हसत होती. आमच्याही घरी सुनांचं पटत नाही, ती म्हणाली, पण गोळी एकच मिळते. हर्षा बाजूला उभी राहून जिलबी खात होती. तिने विचारलं, मावसआजी, तुझी वही आहे का कुणाकडे? नाही म्हटल्यावर ती तिच्या नातसुनेला बाजूला घेऊन काहीतरी समजावू लागली.

ऊन खाली यायला लागलं तसा दंडारीचा गोल मोठा झाला. नीट दिसावं म्हणून देवकाबाई झाडाच्या सावलीतून दोन पावलं पुढे गेली, आणि पुन्हा डोळ्यांपुढे तशीच अंधारी आली. तिने झाडाचं खोड धरलं. कुणाला दिसलं नाही, असं तिला वाटलं.

"हर्षा," मागून रुखमिणीचा आवाज आला. "तुह्या मोठीमायचं बीपी कोणी तपासलं हाय का कधी?"

देवकाबाई वळली. काही नाही, ऊन लागलं, असं ती म्हणू लागली, पण रुखमिणीने तिचा दंड धरला होता.

"ऊन नाही, बाई. वर्ष झालं. विहिरीपाशी तुमी कठडा धरून उभ्या राहता, दोन-दोन मिनिटं. मी आमच्या खिडकीतून रोज पाहून राहिली. बोलता येत नव्हतं, पण जीव खालीवर होत होता माहा. तुमी घरात गेल्याशिवाय मी खिडकी सोडत नव्हती."

खिडकीत जाऊ उभी असते हे देवकाबाईला ठाऊक होतं. वर्षभर ती मनात म्हणत आली होती, बघा, टपून बसली आहे. तिने रुखमिणीच्या हातावर आपला हात ठेवला. तो चांगला गरम होता, बांगड्या नव्या होत्या, आजच्याच मंडईतल्या.

हर्षा जवळ आली. तिने देवकाबाईला आधी सावलीत बसवलं, पाणी दिलं, नाडी धरून घड्याळात पाहिलं आणि सोमवारी भंडाऱ्याला यायचं ठरवून टाकलं. मग तिने विचारलं, "मोठीमाय, तुह्या नावानं वही करू का? तू म्हणशील तरच."

देवकाबाईला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. हळदीच्या वाटीपासूनचं सगळं एकदम आठवलं आणि एकदम मागे पडलं. तिने मान हलवली. हर्षाने पिशवीतून कोरी वही काढली, पेनचं टोपण उघडलं. नाव लिहिलं. वय विचारलं.

"चौऱ्याहत्तर," देवकाबाई म्हणाली, आणि जरा कसनुशी हसली. "आता झालंच आमचं."

ढोलकीच्या आवाजातही शकुनबाईच्या डाव्या कानाने ते बरोबर टिपलं. ती खुर्चीत वळली आणि थोरल्या सुनेकडे तिने नखशिखांत पाहिलं.

"झालं कायले?" ती म्हणाली. "अजून तीस वर्सं सून राहाचं हाय तुले."

गोदावरीबाई हसली, रुखमिणी हसली, आणि देवकाबाईने सवयीने डोक्यावरचा पदर सारखा केला.